मेव्हिस हसली ती जागा

"शनिवारी दुपारी चार वाजता माझी बायको हसणार आहे!" क्लिफर्ड बार्ड्स्लीने जाहीर केलं. "मेथडिस्ट चॅपलच्या हॉलमध्ये. नक्की या. चहा आहे."

हे त्याने पोस्टात सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर सांगितलं आणि ग्रिमशॉच्या मासे-चिप्सच्या दुकानात तर रांगेतल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. ऐकणारा आधी त्याच्याकडे नीट बघून घ्यायचा. कारण मेव्हिस बार्ड्स्लीला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिच्या दफनाला हीच सगळी माणसं काळे कोट घालून हजर होती. पण हेल्मसीची माणसं सभ्य. समोरचा काहीही बोलला तरी तोंडावर कुणी त्याला खोडून काढत नाही.

"हो का? वा!" पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "चार वाजता म्हणजे सोयीचंच आहे."

मग क्लिफर्ड खुलासा करायचा. हा खुलासा त्याला फार आवडायचा.

हर्बर्ट टिंडल हा नट हेल्मसीचा. म्हणजे जन्मला हेल्मसीत आणि जरा मोठा झाल्याबरोबर लंडनला पळाला. पण गावाने त्याला कधी सोडलं नाही. 'नो रनिंग' या त्याच्या मालिकेवर सगळा देश जीव टाकायचा. त्यात तो नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावरचा व्यवस्थापक, मिस्टर प्लड. पोरांवर शिट्ट्या मारतो, 'पळू नका' म्हणून ओरडतो, आणि त्याला स्वतःला मात्र पोहता येत नाही! ही गोष्ट कुणाला कळू नये म्हणून तो दर आठवड्याला अर्धा तास जिवाचं रान करायचा आणि शेवटी कपड्यांसकट पाण्यात पडायचा. तो पडणार हे सगळ्यांना माहीत असायचं. तरी लोक हसून खुर्चीतून खाली यायचे.

त्या काळी असल्या मालिका प्रेक्षकांना समोर बसवून करत. हशा खराच असायचा. एका वर्षी हेल्मसीच्या बिस्किटांच्या कारखान्याने बस भरून बायका लंडनला नेल्या आणि स्टुडिओत बसवल्या. त्यात मेव्हिस होती. तेव्हा तिचं क्लिफर्डशी नुकतंच जमलं होतं. तो गॅस फिटर. त्या दिवशी कुणाची तरी शेगडी बसवत होता, म्हणून गेला नाही.

मेव्हिसचं हसणं ही साधी गोष्ट नव्हती. सायकलच्या पंपात बदक अडकावं आणि कुणी तरी पंप मारत राहावं, तसा तो आवाज. आधी एक लांब शिट्टी, मग तीनचार हिसके, मग पुन्हा शिट्टी. सिनेमागृहात ती हसली की लोक पडदा सोडून मागे बघायचे. एकदा लग्नात हसली तर ऑर्गन वाजवणारा थांबला. त्याला वाटलं, आपलंच काही तरी फुटलं!

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा क्लिफर्ड आईशेजारी बसून पाहत होता. मिस्टर प्लड पाण्यात पडला, हशा उसळला आणि त्या हशाच्या डोक्यावर उभं राहून ते बदक ओरडलं.

"आई! ही माझी मेव्हिस!"

आईने विणकाम खाली ठेवलं. "असं हसणारी मुलगी तू या घरात आणणार?"

आणली. पन्नासहून जास्त वर्षं ती त्या घरात हसली.

तो भाग मात्र गेला. त्या काळी टेपा महाग. वाहिनीवाल्यांनी तो पुसून त्यावर घोड्यांच्या शर्यती भरल्या. कुणाला काही वाटलं नाही, क्लिफर्डलासुद्धा नाही. त्याच्या घरात मूळ प्रत होती.

आता ती नव्हती. फोटो होते, खोकी भरून होते. आवाज एकही नव्हता. फोनच्या यंत्रात निरोप भरायला मेव्हिसने साफ नकार दिला होता. "यंत्राशी काय बोलायचं?" त्यामुळे यंत्रात क्लिफर्डचाच आवाज होता आणि तो ऐकण्यात त्याला रस नव्हता. सुरुवातीला त्याला ते हसू डोक्यात ऐकू यायचं. नंतर नंतर आठवायला गेलं की बदक आठवायचं, पंप आठवायचा, पण आवाज नाही. एकदा त्याने स्वयंपाकघरात उभं राहून स्वतः तसं हसून पाहिलं. शेजारचा कुत्रा तासभर भुंकत होता.

आणि अशात न्यूझीलंडमधल्या एका गोदामात, मालिका परदेशी विकताना काढलेल्या प्रतीचा, फिल्मचा डबा सापडला. त्यात तोच भाग! डबा हेल्मसीच्या 'हर्बर्ट टिंडल चाहता मंडळा'कडे आला. आता सांगा, क्लिफर्डने गावभर का सांगू नये?

शनिवारी हॉल खच्चून भरला. मंडळाची माणसं पुढे, बाकीचं गाव मागे. अध्यक्षा मिसेस ओल्डरॉइड यांनी भाषण केलं. त्यात हर्बर्ट टिंडलची महानता, हॉलच्या छपराची गळती आणि अंड्याच्या सँडविचांपैकी प्रत्येकी एकच घ्यावं, असे तीन मुद्दे होते. मग त्यांनी एका लाजऱ्या, उंच माणसाला उभं केलं.

"हे आपले डेस्मंड प्लॅट. फिल्मचा आवाज अगदी खराब झाला होता. यांनी घरामागच्या शेडमध्ये बसून, अख्खा हिवाळा घालवून, तो साफ केला आहे. आता कुठे खरखर ऐकू येणार नाही!"

टाळ्या पडल्या. डेस्मंड कानापर्यंत लाल होऊन खाली बसला. सगळ्यात जोरात टाळ्या क्लिफर्डच्या होत्या. तो पहिल्या रांगेत, नवा टाय लावून बसला होता. शेजारी मेव्हिसची धाकटी बहीण थेल्मा.

"क्लिफ, रुमाल आणलायस?" तिने विचारलं.

"रडायला नाही आलोय मी. हसायला आलोय."

दिवे गेले. मिस्टर प्लड आला, शिट्टी मारली, पायऱ्यांवरून घसरला. क्लिफर्डने मागे वळून बोट वर केलं. "आता!"

हशा झाला. चांगला, गोल, नीटनेटका हशा. बदक नाही.

"पुढच्या वेळी," क्लिफर्ड म्हणाला.

नगराध्यक्ष आले, त्यांचा टॉवेल सुटला. "आता!"

नाही.

मिस्टर प्लड पाण्यात उडी मारायच्या लाकडी फळीवर चालत गेला, फळी वाकली, अख्ख्या हॉलने श्वास रोखला आणि तो पाण्यात पडला. क्लिफर्ड खुर्चीतून अर्धा उठला होता. पाण्याचा आवाज झाला, हशा झाला, टाळ्या झाल्या. नावं आली. दिवे लागले.

क्लिफर्ड तसाच अर्धा उठलेला. सगळा हॉल त्याच्याकडे पाहत होता. आणि इथे हेल्मसीकरांनी ती चूक केली जी फक्त तेच करू शकतात. त्यांनी सभ्यपणा केला.

"काय सुंदर हसली हो मेव्हिस!" मिसेस ओल्डरॉइड म्हणाल्या.

"अगदी स्पष्ट ऐकू आली," ग्रिमशॉ म्हणाला. "अंगावर काटा आला माझ्या, गड्या!"

"जशीच्या तशी," पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

क्लिफर्डने थेल्माकडे पाहिलं. थेल्माने त्याचा चेहरा पाहिला. "आली की ऐकू," ती म्हणाली आणि पर्समध्ये काही तरी शोधू लागली.

क्लिफर्ड हळूच खाली बसला. हॉलभर माणसांनी ऐकलं, फक्त नवऱ्याला ऐकू आलं नाही! याचा अर्थ एकच.

"आली," तो म्हणाला. "मलाही आली."

सोमवारी सकाळी तो कान तपासायला गेला. तिथल्या पोरीने त्याला एका छोट्या खोलीत बसवलं, कानावर टोपणं चढवली, हातात बटण दिलं. बारीक आवाज आला की दाबायचं. क्लिफर्डने सगळे दाबले. भिंतीपलीकडे कुणी तरी बिस्किटाचा पुडा फोडला, तेव्हाही दाबलं.

"आजोबा, कान एकदम ठणठणीत आहेत तुमचे," पोरगी म्हणाली.

"ठणठणीत असून चालणार नाही."

"म्हणजे?"

"यात काही तरी सापडलंच पाहिजे. पुन्हा बघ."

तिने पुन्हा पाहिलं. उलट पहिल्यापेक्षा चांगले निघाले. बाहेर पडताना त्याचा चेहरा इतका पडलेला होता की बाकावरच्या एका म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

क्लिफर्डने हार मानली नाही. थेल्माचा नवरा हॅरॉल्ड जाताना एक श्रवणयंत्र मागे ठेवून गेला होता, ते त्याने मागितलं.

"घेऊन जा," थेल्मा म्हणाली. "नवंकोरं आहे. हॅरॉल्डने एकदाच घातलं. म्हणाला, थेल्मा, तू बोलतेस ते ऐकू येतंय, आणि काढून ठेवलं."

ते यंत्र कानात घालून क्लिफर्ड मिसेस ओल्डरॉइडांच्या घरी गेला आणि तो भाग पुन्हा दाखवा म्हणाला. त्यांनी दाखवला. चहाही दिला. क्लिफर्डला त्या दिवशी पुष्कळ काही ऐकू आलं. मिसेस ओल्डरॉइड बिस्किट चावत होत्या तेव्हा खडी फोडल्यासारखं वाटलं. त्यांच्या पोटात काय चाललंय तेही कळलं. वरच्या मजल्यावर मांजर अंग चाटत होतं, ते कळलं. मेव्हिस नाही.

"कुठे हसते ती?" त्याने शेवटी विचारलं. "म्हणजे नेमकं कुठल्या जागी?"

मिसेस ओल्डरॉइड यांचा कप बशीत वाजला. क्लिफर्डच्या कानात घंटा झाली.

"मला वाटतं... फळीच्या वेळी?"

"बरं."

तिथून तो ग्रिमशॉच्या दुकानात गेला. संध्याकाळची वेळ, रांग दारापर्यंत.

"ग्रिमशॉ, मेव्हिस कुठे हसली रे?"

ग्रिमशॉ मासा पिठात बुडवत होता. तो तसाच बुडवत राहिला. "टॉवेल सुटतो ना, तिथे."

"मिसेस ओल्डरॉइड म्हणतात फळीच्या वेळी."

"छे! टॉवेललाच. मी मेव्हिसचं हसू ओळखणार नाही होय? पिठात बोटं घालून सांगतो!"

"चुकताय तुम्ही," रांगेतून पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "पायऱ्यांवर. तो घसरतो तिथे."

"पायऱ्यांवर कोणी हसलंच नाही!"

"तुम्ही तेव्हा सँडविच खात होता. दुसरं!"

"मी दुसरं खाल्लं नाही!"

"मी पाहिलं!"

अशी जुंपली! अर्धी रांग टॉवेलच्या बाजूला गेली, अर्धी फळीच्या. एक जण म्हणाला, ती सुरुवातीच्या संगीतावरच हसली, कारण तिला पुढचं सगळं कळलं असणार. हयातीत मेव्हिसच्या हसण्यावर या गावाने इतका विचार कधी केला नव्हता. तेल तापत होतं, मासा काळा पडत होता, आणि जे कुणीच ऐकलं नव्हतं ते नेमकं कुठे ऐकलं यावर माणसं हातघाईवर आली होती.

थेल्मा रांगेत मागे उभी होती. तिने बराच वेळ सहन केलं.

"अरे, कुणालाच ऐकू आलं नाही!" ती ओरडली. "कुणालाच! मलासुद्धा नाही! तू तिथे उंटासारखा अर्धा उठून उभा होतास, क्लिफ, काय सांगणार होतो आम्ही तुला?"

दुकानात सगळं थांबलं. एकेकाने मान वर केली आणि भिंतीवरचं दरपत्रक वाचायला सुरुवात केली. त्या दरपत्रकावर मासे आणि चिप्स याशिवाय काही नव्हतं, आणि सगळ्यांना ते पाठ होतं. तरी फार मन लावून वाचलं.

क्लिफर्डने कानातलं यंत्र काढलं, पुसलं, खिशात ठेवलं.

"म्हणजे माझे कान चांगले आहेत," तो म्हणाला.

"चांगले आहेत रे," थेल्मा म्हणाली.

"मग ती गेली कुठे?"

एकच माणूस होता ज्याने त्या फिल्मचा कण न् कण ऐकला होता. दुसऱ्या दिवशी क्लिफर्ड डेस्मंड प्लॅटच्या शेडमध्ये जाऊन बसला.

शेड म्हणजे बागेतली लाकडी खोली. आत एक फिल्मचं यंत्र, एक संगणक, वायरींचं जंगल आणि हीटर. डेस्मंडकडे सहसा कुणी येत नसे. आज कुणी तरी आपणहून आलंय आणि आवाज कसा साफ केला ते विचारतंय, म्हटल्यावर तो नवरदेवासारखा खुलला.

"तसं साधं आहे, मिस्टर बार्ड्स्ली. फिल्म या यंत्रावर लावायची. समोर मायक्रोफोन ठेवायचा. सगळा आवाज संगणकात घ्यायचा. मग बसून एकेक घाण वेचायची. तांदळातले खडे वेचावे तशी!"

"फिल्म कुठे आहे?"

"गेली बिचारी. फार जुनी होती. एकदा चालली तीच शेवटची. नंतर डब्यात नुसता चुरा उरला. पण आवाज वाचवला!" त्याने खुर्ची जवळ ओढली. "खरखर काय, कुणीही काढेल. पण या फिल्ममध्ये एक दोष होता... तसला दोष मी जन्मात पाहिला नाही. काय सांगू तुम्हाला!"

"सांगा ना."

"भयानक आवाज! एखादं बदक दारात चेपावं तसा! मी म्हटलं, कॅमेऱ्याचं चाक घासत असणार. आणि लबाड कसा, तर बरोबर हशाच्याच वेळी यायचा. हशाला धक्का न लावता तो तेवढा उपटून काढायचा, म्हणजे दुधातून साखर काढण्यासारखं. महिने गेले माझे. पण एक ठेवला नाही! मुळापासून काढला!"

क्लिफर्ड हीटरकडे पाहत राहिला. डेस्मंडचा चेहरा हीटरपेक्षा जास्त उजळलेला होता.

सांगायला तोंड उघडलं होतं त्याने. 'अहो, ती माझी बायको' एवढे चारच शब्द. पण अख्खा हिवाळा या शेडमध्ये कुडकुडत बसलेल्या माणसाला ते चार शब्द सांगायचे कसे? आणि शेवटी क्लिफर्डसुद्धा हेल्मसीचाच.

"मोठंच काम केलंत," तो म्हणाला.

"तुम्हाला कळलं ते! बाकी कुणाला कळत नाही."

"ती घाण... म्हणजे तो आवाज काढल्यावर काय केलंत त्याचं? फेकला?"

"फेकतो कसला! सगळे तुकडे एकापुढे एक जोडून ठेवलेत. अभ्यासाला. ऐकायचाय? पण कान सांभाळा हं."

त्याने बटण दाबलं.

मेव्हिस हसली. मग पुन्हा हसली. मग पुन्हा. मध्ये मिस्टर प्लड नाही, नगराध्यक्ष नाही, शब्द नाही. कुठे मागे पाण्याचा छपाका, कुठे टाळ्यांचं शेपूट, आणि पुढे नुसती मेव्हिस. वीस वर्षांची, बिस्किटांच्या कारखान्यातून रजा घेऊन आलेली, पुढे काय होणार याची काही कल्पना नसलेली.

डेस्मंडने दोन्ही कानांत बोटं घातली होती. "बंद करू का?" तो ओरडला.

"असू दे!"

संपल्यावर क्लिफर्डने नाक पुसलं. "हीटरमुळे डोळ्यांत पाणी येतं माझ्या. मिस्टर प्लॅट, याची एक सीडी मिळेल का मला?"

"याची? हिचं काय करणार तुम्ही?"

क्लिफर्डने आयुष्यात फारसं खोटं बोललेलं नव्हतं. जे पहिलं सुचलं ते बोलून गेला. "बागेत कबुतरं फार येतात."

डेस्मंडने मांडीवर थाप मारली. "पळतील! जन्मात परत येणार नाहीत!"

माफ कर गं, क्लिफर्ड मनात म्हणाला आणि सीडी कोटाच्या आतल्या खिशात घातली.

त्या संध्याकाळी थेल्मा त्याच्या घरी आली. दोघांनी सीडी लावली. पहिल्या हसण्याला थेल्मा हसली, दुसऱ्याला रडली, तिसऱ्याला म्हणाली, "तोंडात दात होते तेव्हा तिच्या, ऐकू येतंय बघ!" शेवटचं हसणं सगळ्यात लांब होतं. सावकाश सुरू होऊन वर वर चढत जाणारं, शेवटी एक छोटा हिसका. त्याच्यामागे पाणी नाही, टाळ्या नाहीत, काही नाही.

थेल्माने क्लिफर्डचा हात गच्च धरला. "हेच! माझ्या लग्नात हॅरॉल्ड 'हो' म्हणाला ना, तेव्हा अशीच हसली होती! बाकीची ठीक आहेत, पण ही अस्सल मेव्हिस!"

"मलाही तेच आवडतं," क्लिफर्ड म्हणाला. तो ते आधीच चारपाचदा ऐकून बसला होता.

"रविवारी तिच्या वर्षाची प्रार्थना आहे. हे चॅपलमध्ये लावायचं."

"चॅपलमध्ये? थेल्मा, अगं..."

"मी पाद्रीबाबांशी बोलते."

थेल्मा कुणाशी बोलते म्हणाली की ते झालंच असं समजायचं. रविवारी प्रार्थना झाली, दोन स्तोत्रं झाली, आणि तरुण पाद्रीबाबा जरा चाचरत उभे राहिले. "आता आपण... मेव्हिसला ऐकणार आहोत. तिच्याच आवाजात. कृपया उभे राहूया."

सगळं चॅपल उभं राहिलं. टोप्या हातात, माना खाली. पाद्रीबाबांनी शेवटचं हसणं लावलं. सावकाश, लांबलचक, उंच कमानींपर्यंत चढत गेलं ते. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मग तो हिसका, आणि शांतता. ग्रिमशॉने जोरात नाक शिंकरलं. पोस्टातल्या बाईंनी मिसेस ओल्डरॉइडांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि एरवी त्या एकमेकींशी बोलत नसत. या वेळी कुणी सभ्यपणा करत नव्हतं. या वेळी सगळ्यांना खरंच ऐकू आलं होतं.

"आमेन," पाद्रीबाबा म्हणाले.

नंतर हॉलमध्ये चहा. ग्रिमशॉ क्लिफर्डचा हात सोडेना. "असं हसणारं माणूस आता होणे नाही, क्लिफ! काळजातून आलेलं हसू होतं ते!"

क्लिफर्ड खूष होता. वर्षभरात पहिल्यांदा केकचे दोन तुकडे त्याने घेतले. तेवढ्यात डेस्मंड प्लॅट त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. बायको जॉइस मागे टेबलापाशी कप लावत होती.

"मिस्टर बार्ड्स्ली, मला क्षमा करा. मला ठाऊक नव्हतं. मी तुमच्या पत्नीला उपटून काढलं! मुळापासून!"

"असू दे हो. ठेवलंत ना सांभाळून."

"आणि तुम्ही मला काही बोलला नाहीत. कबुतरं म्हणालात!"

"कबुतरं आहेत एक-दोन," क्लिफर्ड म्हणाला.

"मी सगळं परत बसवतो. जिथल्या तिथे. टॉवेलवर, फळीवर, पायऱ्यांवर, सगळीकडे हसतात त्या. शब्द देतो तुम्हाला." डेस्मंड थांबला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "फक्त ते शेवटचं... ते नाही बसवता येणार."

"का?"

"ते फिल्मवर नव्हतंच."

"मग?"

डेस्मंडचा आवाज इतका खाली गेला की हॅरॉल्डचं यंत्र लावायला हवं होतं. "आमच्या शेडचं दार आहे ते. फिल्म चालू होती आणि जॉइस चहा घेऊन आली. हातात ट्रे असला की ती दार पाठीने ढकलते. सावकाश. मायक्रोफोनने तेही घेतलं. मी ते काढून इतर घाणीबरोबर ठेवलं. आज सगळे उभे राहिले तेव्हा मी बोलणार होतो... पण कसं बोलणार? पाद्रीबाबांनी डोळे मिटले होते."

क्लिफर्डने हॉलभर नजर फिरवली. थेल्मा पाद्रीबाबांना हॅरॉल्डची आणि त्या हसण्याची गोष्ट सांगत होती, आणि पाद्रीबाबा डोळे पुसत होते. ग्रिमशॉ दोघातिघांना ते हसू तोंडाने करून दाखवत होता. करतही बरोबर होता. अगदी दारासारखं.

"कुणाला सांगू नका," क्लिफर्ड म्हणाला.

"छे, छे! देवाशपथ!"

क्लिफर्डने आपल्या चहात साखर घालून ढवळली.

"मिस्टर प्लॅट, मी अधूनमधून तुमच्याकडे चहाला आलो तर चालेल का? शेडमध्येच बसू आपण. मिसेस प्लॅटना त्रास नसेल तर त्यांनी ट्रे आणावा."

डेस्मंडच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "अवश्य या! आणि आवाजाची अजिबात काळजी नको. मी त्याच दिवशी बिजागऱ्यांना तेल घातलं. आता चूं करत नाही दार!"

क्लिफर्डने केकचा घास तोंडात घातला. तो बराच वेळ चघळला.

"समुद्राची हवा आहे आपल्याकडे," तो म्हणाला. "पुन्हा गंजेल, नाही?"

"नाही हो!" डेस्मंडने त्याला धीर देत दंडावर थोपटलं. "उत्तम तेल आहे. आपण दोघं असेपर्यंत तरी वाजत नाही!"